जमातीचा रकाना

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. छावणीतून टाकलेलं तुझं पत्र तीन आठवड्यांनी पोचलं. दोन्ही मुलं धडधाकट आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. आई ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, आणि ती गुडघ्यांपेक्षा जास्त.

इकडे तह झाला. तोही तिसऱ्याच देशात, दुसऱ्यांच्या टेबलावर. इतकी वर्षं ज्यांनी एकेका बाजूला बंदुका पुरवल्या, तेच मध्यस्थ. आता डोंगरवाल्यांचा राष्ट्राध्यक्ष, आपल्या खालच्या सपाटीवाल्यांचा पंतप्रधान, आणि मतदारयाद्या वेगवेगळ्या. आमच्या नोंदणी कचेरीत सध्या तेच काम चाललंय. परतणाऱ्यांसाठी अर्ज आहे, सोबत पाठवतोय. मुलांची जमात बापाची धरतात. म्हणजे तू आपल्या यादीत, मुलं डोंगरवाल्यांच्या. "एका घरात राहिली तर चालेल ना?" असं मी साहेबांना विचारलं. म्हणाले, "त्याचं अजून ठरलेलं नाही."

तू विचारलंस, आपल्या लोकांनी बस अडवून ह्यांना मारलं, तेव्हा डोंगरवाले म्हणून ओळखलं कसं, बोलायचे तर अगदी आपल्यासारखे.

दोनदा हे पत्र इथवर लिहून फाडलं.

ओळखपत्रावरून ओळखलं, ताई. ते मी टाइप केलं होतं.

परदेशी सल्लागारांनी नमुना दिला होता. जमातीचा रकाना फक्त मोजणीसाठी, असं सांगत होते. भाऊजी माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. "तेवढा रकाना कोरा ठेव ना. नाहीतर तुमचीच जमात लाव. मेहुण्याचा एवढाही उपयोग नाही का?" हसत होते, पण रुमालाने सारखी मान पुसत होते.

मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम, भाऊजी. कागदाला काय घाबरायचं?"

नियमाचं निमित्त होतं. साहेबांच्या साडूचा रकाना मी त्याच महिन्यात बदलून दिला होता. तू डोंगरवाल्याशी लग्न केलंस, तो राग आठ वर्षं मनात धरून होतो. ती अक्षरं उमटवताना मला बरं वाटलं होतं, ताई.

भाऊजी उठताना म्हणाले, "राहू दे, तुझी नोकरी जायला नको." माझ्या पाठीवर थाप मारून गेले.

परदेशी लोकांना मी रोज शिव्या घालतो. सगळेच घालतात. पण रकाना आखला त्यांनी, भरला मी.

आईला यातलं काही माहीत नाही. ती तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसली आहे, तेव्हा तिच्यासाठी तरी ये. मी समोर नको असेन तर तसं कळव. तू यायच्या आधी घर सोडीन.

तुझा म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर,
तुझा धाकटा भाऊ