सम्राटाच्या चालीवर

थ्यातीरा. द्राक्षं उतरवून झाली.
(महिन्याचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. ते ज्या सम्राटाच्या नावावरून पडलं, त्याला माझ्या पत्रात जागा नाही.)

प्रिय ग्लायकोनदादास,

तुझ्या तातियाचा नमस्कार. आम्ही मावशीकडे सुखरूप पोचलो. आईचे गुडघे धरलेत, जिभेला मात्र काही झालेलं नाही. काल मावशीला म्हणाली, "तुझ्या अंजिरांना आमच्या पेर्गामोनच्या अंजिरांची सर नाही." मावशी म्हणाली, "मग जा की परत." आईने आणखी एक अंजीर उचललं. परत जाता येत नाही हे तिलाही कळतं.

सम्राटाच्या देवळातला तुमचा गायकवृंद कसा आहे? सम्राटाच्या स्तोत्राला आता पहिला सूर कोण लावतं? जाऊ दे, हे विचारायचं नव्हतं.

इथल्या ख्रिस्ती मंडळीतही आमच्या ह्यांचंच, ट्रिफोनचंच गाणं म्हणतात. तुम्ही दोघं वृंदात एकत्र होतात तेव्हा त्या स्तोत्राला चाल त्यांनीच लावलेली. पुढे ख्रिस्ताचे झाले, वृंद सोडला, चाल तेवढी घेऊन आले. ‘प्रभू’, ‘तारणारा’ ही सम्राटाची सगळी बिरुदं क्रुसावर मेलेल्याला देऊन नवं गाणं लिहिलं आणि गावोगाव नकला धाडल्या. मी म्हणायचे, "अहो, निदान चाल तरी बदला. जीव जाईल अशानं." तर म्हणायचे, "चाल माझी आहे. चुकीच्या माणसाला दिली होती, ती परत घेतोय."

त्यांना पकडून सुभेदारापुढे उभं केलं, त्या दिवसाबद्दल आपण बोललोच नाही, दादा. सुभेदार त्यांना म्हणाला, "वृंदाबरोबर सम्राटाचं स्तोत्र म्हण आणि घरी जा." तुम्ही सुरुवात केलीत, तेही गायला लागले. लोकांना वाटलं, वळला. सुभेदाराने त्यांच्या हातांचा दोर सोडायला लावला. शब्द वेगळे आहेत हे शेजारी उभं राहून फक्त तुला ऐकू येत होतं, आणि ते झाकायला तू आवाज चढवलास. मी लांबून तुझ्या मानेच्या फुगलेल्या शिरा पाहिल्या. तुझे हे उपकार मी विसरणार नाही.

मग त्यांनीच हात वर करून तुम्हाला थांबवलं आणि आपले शब्द एकट्याने, सावकाश म्हटले.

इथे सगळे त्यांना धन्य म्हणतात. मी मान डोलावते. खरं सांगू? मला त्यांचा फार राग येतो. दोर सुटला होता. नुसतं गप्प राहायचं होतं. हे इथे कुणापाशी बोलता येत नाही, म्हणून तुला लिहितेय.

शेवटी, शिपाई मारायला ओढून नेत असताना, त्यांनी एक नवं कडवं म्हटलं. शब्द नवे आहेत एवढंच कळलं; काय आहेत ते गलक्यात कुणालाच ऐकू आलं नाही, जवळ उभ्या असलेल्या तुझ्याशिवाय. इथल्या मंडळीतले वडीलधारे म्हणतात, भावाकडून लिहून मागव, गाणं पुरं करू. मी हो म्हणून आले. पण तू लिहू नकोस. तुझं अक्षर तिथे सगळे ओळखतात, आणि तुलाही गमावायची ताकद माझ्यात नाही. गाणं अपुरं राहू दे.

हे पत्र आणणारा रंगारी आपला आहे. वाचून जाळ, आणि त्याच्यापाशी तोंडी एवढंच सांग: त्या कडव्यात माझं नाव होतं का?

नसलं तरी खरंच सांग.

तुझी,
तातिया