मोरपंखीच्या मुळातले खवले

११ सप्टेंबर १९६७
वहीबाई, चार दिवस तुला उघडलं नाय, तर लगेच मला विसरलीस? मी दातिवऱ्याची म्हातारी. अक्षर नात सुलूचं, बोलणं माझं. तिला बजावलंय — घरात एक शब्द फुटला तर वेणी घालणार नाय.
मुलगा भगवंत बोईसरला कारखान्यात, म्हणून आमी कारखान्याच्या वसाहतीत, त्यांनीच दिलेल्या खोलीत. दारापुढं मोरपंखीच्या झाडांचं कुंपण. बारा महिने हिरवंगार. आज आमच्या दारचं झाड तांबूस दिसलं.

१४ सप्टेंबर
बुधा माळी आला. बुंध्याशी उकरलं, वाकून बघितलं, पुन्हा माती लोटली. म्हणाला, "आये, मूळ कुजलंय. पांढरी बुरशी हाय. रोज पाणी कोण ओततं हितं?"
"पाऊस."
"एकाच झाडाला?"
मी सुपातले खडे शोधत बसले. रोज मासळी धुतलेलं पाणी मीच ओतते. दातिवऱ्याला माडांना तेच घालायचो, नारळांनी वाकायचे. म्हटलं, झाड ते झाड.

१९ सप्टेंबर
बुधानं ते झाड मुळासकट काढून जाळलं. खड्ड्यात चुना टाकला. "वरीसभर हितं मोरपंखी लावायची नाय." शेजारच्या झाडाआधी खोल चर खणला — बुरशी मुळामुळानं पुढं सरकते म्हणे. कुंपणातल्या बाकी झाडांच्या सुकल्या फांद्या छाटल्या, दर झाडामागं कोयता उकळत्या पाण्यात बुडवला. पाणी मीच तापवून दिलं. केवढी मी पुण्यवान!

२० सप्टेंबर
मासळीचं पाणी आता मोरीत.

२६ सप्टेंबर
उशीरच झाला होता. पुढची तीन झाडं तांबूस. वसाहतीचा मुकादम पुंडलिक दारातच ओरडला, "बुधा, पाणी घालघालून झाडं मारलीस. उद्यापासून येऊ नको."
बुधानं माझ्याकडं एकदा बघितलं, मग खाली. एरवी माझं तोंड दिवसभर थांबत नाय. तेव्हा थांबलं. वाटलं, खरं बोलले तर भगवंतची खोली जाईल.

२७ सप्टेंबर
जेवण गेलं नाय. सुलू म्हणते, आजी, पित्त. लिही बाई, पित्त.

१ ऑक्टोबर
पुंडलिकला गाठून सगळं सांगितलं. म्हटलं, भगवंतला काय बोलू नको, मला बोल. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "म्हातारे, आता सांगतेस? तो गेला वैतरणा नदीवर, रेती काढायला." परत ये असा निरोप धाडतो म्हणाला. धाडेल का?

२ ऑक्टोबर
बेटेगावला बुधाच्या बायकोकडं, नवसीकडं गेले. माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "त्याला पयल्याच दिशी मुळात खवले गावले, आये. त्यानंच माती लोटून झाकले. बोलला, म्हातारीच्या लेकाची खोली जाईल."
बुधा शनिवारी घरी येतो. सुलू, त्या दिवशी खाडीतली ताजी बोय मासळी घेऊन नवसीकडं पाठव. साफ करू नको. खवल्यांसकट पाठव. बुधा काय ते ओळखेल.