नियम सत्तावीसमधून सूट

सोमवार, ४ मार्च

साहेबांनी आल्या आल्या बोलावलं. "शास्त्रीबुवा, नियम सत्तावीसमधून सूट मागायचीय. अर्ज तुम्ही लिहा." या वायदेबाजाराचा पत्रव्यवहार वीस वर्षं सांभाळतोय. त्याआधी बारा वर्षं संस्कृत शिकलो, त्या अपराधाबद्दल इथे सगळे शास्त्रीबुवा म्हणतात. सूट मागायचा अर्ज मात्र पहिलाच.

नियम सत्तावीस असा: ज्यांचे सौदे ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले त्या बड्या व्यापाऱ्यांचा तक्ता त्याच दिवशी रात्री आठच्या आत बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या आयोगाकडे पोचला पाहिजे. हेतू उत्तम. कुणी एकटाच सगळा गहू दाबून भाव चढवू लागला तर आयोगाला कळावं. पण होतं काय — बाजार साडेचारला बंद, दलालांचे आकडे सातपर्यंत रांगत येतात, आठला तक्ता जातो, आणि आयोगातले गृहस्थ तो दुसऱ्या दिवशी दहाला उघडतात. चौदा तास तक्ता तिकडे झोपतो. आमचं म्हणणं एवढंच: तो इकडेच झोपू दे, सकाळी नऊला पाठवतो.

तक्ता करतात त्या तक्तेबाई. त्यांना रोज आठपर्यंत बसावं लागतं. मला लागत नाही. मी बसतो, अकरा वर्षं झाली.

बुधवार, ६ मार्च

अर्जाचे रीतसर भाग असतात. कोणता नियम नको, का नको, त्याच्या जागी काय करणार, आणि त्यामुळे कुणाचं वाईट होणार नाही कशावरून. ताईला रात्री जेवताना समजावलं. ती म्हणाली, "सूट मागायला चाळीस पानं? मी कापडाच्या दुकानात एका वाक्यात मागते." मिळते का, विचारलं. "मिळते. तू बरोबर नसलास की."

शुक्रवार, ८ मार्च

संध्याकाळी नेहमीप्रमाणे तक्तेबाई आकडे वाचत होत्या, मी खुणा करत होतो. त्यांचा चष्मा केसांत, लाकडी पट्टी ओळीखाली. पट्टी सरकल्याशिवाय पुढचा आकडा तोंडातून निघत नाही. मध्येच म्हणाल्या, "अर्ज कुठवर आला?" म्हटलं, रंगात आलाय. "रंगात नको, लवकर येऊ दे."

सूट मिळाली की हे संपणार. अर्जात हा मुद्दा घालायला कुठे जागा नाही.

सोमवार, ११ मार्च

आज नववं कलम लिहिलं. अकरा वेळा लिहिलं, पण जमलं. शास्त्राची रीत अशी की आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं. तेही असं की खुद्द प्रतिपक्षाला हेवा वाटावा. मग ते खोडायचं. तर नवव्यात मी सूट का देऊ नये ते सांगितलंय: संध्याकाळ ते सकाळ या फटीत लबाडाला मोकळं रान मिळेल, बाजार उघडेपर्यंत आयोग आंधळा राहील, वगैरे. चार पानं. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला.

साहेब चाळत म्हणाले, "हे नववं आपल्या विरुद्ध का आहे?"

"पुढे खोडलंय, साहेब."

"कुठे?"

"दहाव्यात."

"दहावं दोन ओळींचं आहे."

"सिद्धान्त आटोपशीर असावा लागतो."

साहेबांनी सही केली. विद्वत्तेपुढे ते नेहमी सही करतात.

शुक्रवार, १५ मार्च

अर्ज गेला. आयोग आता तो सर्वांसाठी जाहीर करणार. महिनाभर कुणीही हरकत घ्यावी, सूचना करावी.

सोमवार, १५ एप्रिल

मुदत संपली. एकूण सूचना आल्या: एक. एका दलालाची. त्याला संगणक नवा हवाय.

बुधवार, २४ एप्रिल

आयोगाचं पत्र. सूट नाकारण्याचा विचार आहे, दहा दिवसांत उत्तर द्या. कारणं चार पानांची. अतिशय सुरेख, मुद्देसूद. दुसऱ्या परिच्छेदाला ओळख पटली. माझीच वाक्यं! अवतरणचिन्हांत घातलीत, खाली "अर्जदाराने स्वतःच मान्य केल्याप्रमाणे". दहाव्या कलमाचा उल्लेखही नाही.

साहेब आले. पत्र माझ्या टेबलावर ठेवलं, वर पेपरवेट ठेवला आणि गेले.

गुरुवार, २५ एप्रिल

तक्तेबाईंनी पत्र मागून घेतलं. पट्टी लावून वाचलं, एक ओळ न सोडता.

"छान लिहिलंय. कोणी?"

"मी."

"तुम्ही आपल्या बाजूने होतात ना?"

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. अकरा वर्षांत न सांगितलेलं. वडील ब्याऐंशी वर्षांचे. सकाळी सातला सोबतीला एक बाई येते, ती रात्री साडेआठपर्यंत थांबते. जूनपासून ती साडेपाचला निघणार, तिची नात शाळेतून येते. आणि बाबांनी फेब्रुवारीत गॅस तसाच चालू ठेवला होता, ती होती म्हणून निभावलं. "साहेबांना सूट मागायचं मीच सुचवलं. सकाळी साडेसातला येऊन तक्ता करीन म्हटलं. नाही मिळाली तर मे अखेर नोकरी सोडायची. दुसरा मार्ग दिसत नाही."

घरी येऊन नववं कलम पुन्हा वाचलं. खरं लिहायचं तर, ती नुसती शास्त्राची रीत नव्हती. सूट मिळू नये असं वाटणाऱ्या माणसाने लिहिलेलं कलम आहे ते. म्हणून तर इतकं चांगलं झालंय.

रविवार, २८ एप्रिल

सुटीच्या दिवशीही लिहीत बसलो. ताई म्हणाली, "कुणाला पत्र?" आयोगाला, म्हटलं. "मग इतकं खोडतोयस कशाला?"

गुरुवार, २ मे

उत्तर तयार. पूर्वपक्ष शून्य. आयोगाची एकच शंका खरी आहे, ती मधल्या वेळेची. तिला उपाय दिला: दलालांचे आकडे येतील तसे संगणकात जातील, रात्री आठपर्यंत एक जबाबदार अधिकारी त्यांच्यावर नजर ठेवील, कुणी मर्यादा ओलांडली तर तत्क्षणी आयोगाला फोन करील. तक्ता सकाळी नऊला. पुढे अधिकाऱ्याच्या नावाची रिकामी जागा होती. माझं नाव घातलं.

साहेब म्हणाले, "तुम्हीच कशाला? पाळ्या लावू."

"आयोगाला एकच मान धरायला बरी पडते, साहेब."

तक्तेबाईंनी वाचलं. "म्हणजे तुम्ही रोज आठपर्यंत बसणार?"

"अकरा वर्षांची सवय आहे."

"ती माझी."

"बघून बघून लागली."

त्यांनी पट्टी उचलून खणात ठेवली. आकडे अजून यायचे होते.

मंगळवार, १४ मे

काही नाही.

बुधवार, २२ मे

काही नाही. तक्तेबाईंनी राजीनाम्याचा मसुदा तपासायला दिला. म्हटलं, भाषा फार कच्ची आहे, ठेवा माझ्याकडे, सुधारून देतो. खणाला कुलूप लावलं.

शुक्रवार, ३१ मे

साडेचारला आदेश आला. सूट मंजूर, एक वर्षापुरती. अटी तीन, तिसरीत माझं नाव, हुद्दा आणि टेबलावरच्या फोनचा नंबर. साहेबांनी हात मिळवला. तक्तेबाईंनी राजीनामा परत मागितला. म्हटलं, अजून सुधारतोय. "राहू दे," म्हणाल्या, "फाडा."

सोमवार, ३ जून

तक्तेबाई पाचला गेल्या. त्यांची खुर्ची आत ढकललेली मी पहिल्यांदा पाहिली. सहा वीसला फोन वाजला. आयोगाचाच समजून ताठ बसून, नाव-हुद्दा सांगून, एका दमात म्हटलं, "आतापर्यंतचे सर्व सौदे मर्यादेत आहेत."

"बरं झालं," तक्तेबाई म्हणाल्या. "आठनंतर जेवायला या. बाबांनी बोलावलंय." मग म्हणाल्या, "बाबांनी म्हणजे मी."