माझ्या अक्षरातला मेनू

१ मार्च, शनिवार

दीड तास बसले त्या दुकानात. कॉम्प्युटर-बाजाराचा तिसरा मजला, पुढच्या सरकत्या जिन्याच्या अगदी तोंडाशी. दुकान कसलं — खोक्यांची भिंत, एक स्टूल, समोर ल्याओ मालक. साठीच्या पुढचे. कानावर पेन्सिल.

"गेम खेळायला कॉम्प्युटर हवाय," मी म्हटलं. "पंचवीस हजार युआनच्या आत."

वाटलं, हसतील. पन्नाशीची बाई! हसले नाहीत. "कोण खेळणार?"

"मी."

"एकट्याच?"

मग सगळंच सांगून बसले. लेक युन-झू लांब काओशुंगला नोकरीला. फोनवर आमची दोन वाक्यं — जेवलीस का, हो. काम कसं, ठीक. नववर्षाला आली तेव्हा तिच्या मशीनवर नदीतून नाव नेण्याचा खेळ खेळलो. डावं वल्हं तिचं, उजवं माझं. नाव उलटली आणि आम्ही दोघी हसलो. किती वर्षांनी! जाताना म्हणाली, "आई, तुझ्याकडे मशीन असतं तर दर रविवारी खेळलो असतो."

मालकांनी कानावरची पेन्सिल काढली. मेनू लिहायला घेतला — इथे सुट्या भागांच्या यादीला सगळे मेनूच म्हणतात. लिहायचे, खोडायचे. मला वाटलं होतं महागाचं गळ्यात मारतील. ते काढतच गेले. "हा दिव्यांचा पंखा नको. दिवे खेळत नाहीत." "एवढा मोठा प्रोसेसर नको, नदीला नाही लागत." एकाच ठिकाणी अडले — "पॉवर सप्लायला कंजुषी नाही करायची, बाई. तो घरातल्या बायकोसारखा. दिसत नाही, पण बसला तर सगळं बसतं."

मागून त्यांची बायको — "आणि घरातल्या बायकोला नवा पंखा कधी आणला शेवटचा?"

"बघा," ते म्हणाले. "बसला."

ग्राफिक्स कार्डाखाली दोन रेघा ओढल्या. मागल्या पिढीचं, पण कोरं. "हेच. स्वस्तात दुसरी मिळतील, ती वर्षभर कॉम्प्युटरवरची आभासी नाणी खणून थकलेली असतात. ती नकोत."

कागद माझ्या हातात दिला. पैसे नाहीत, आगाऊ नाही. "घरी विचार करा. जोडून मी देईन. वर हिरवं पुडकंही ठेवीन."

हिरवं पुडकं! शाळेतल्या झेरॉक्स मशीनवरही आहे. मक्याच्या कुरकुऱ्यांचं. मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून. हिरवंच हवं, पिवळं चालत नाही. तारीख उलटू द्यायची नाही, आणि खायचं तर मुळीच नाही.

"येते शनिवारी," मी म्हटलं. नाव विचारलं, फांग म्हणून सांगितलं.

२ मार्च

कागद तीनदा वाचला. कळत काहीच नाही, तरी वाचावासा वाटतो. त्यांचं अक्षर चांगलं आहे.

५ मार्च, बुधवार

नववीतल्या जिंग-वेनचा निबंध उतरवलेला निघाला. वाक्यन् वाक्य. बोलावून घेतलं. रडली नाही. म्हणाली, "चोरला नाही, बाई. माझ्या अक्षरात लिहिलाय."

शून्य दिलं. पुन्हा लिहून आणायला सांगितलं.

घरी आल्यावर सहज नेटवर बघितलं. त्याच मजल्यावर, मागच्या टोकाला वेई म्हणून एकाचं दुकान. सगळे भाग एकदम घेतले तर या आठवड्यात सूट. मालकांचा मेनू त्याच्या दरांनी मांडून बघितला. चौदाशे कमी.

मांडायला काय जातं!

८ मार्च, शनिवार

गेले नाही. पाऊस नव्हता, शाळा नव्हती, काही नव्हतं.

दुपारी टेबलावर बसून मेनू नव्या कागदावर उतरवला. माझ्या अक्षरात. का, ते मला पक्कं माहीत होतं. बाजारात एकमेकांची अक्षरं ओळखत असतील. दोन रेघाही ओढायला गेले कार्डाखाली. मग नाही ओढल्या.

चौदाशे. माझा पगार वेळेवर होतो. घर स्वतःचं आहे. चौदाशे म्हणजे तीनदा बाहेरचं जेवण. हे लिहून ठेवते, नाहीतर पुढे कधी स्वतःला सांगेन की गरज होती.

१० मार्च, सोमवार

लिहायचंच आहे. सगळं.

शाळा सुटल्यावर गेले. मागच्या लिफ्टने. वेई पस्तिशीचा, बोलका. कागद बघून शीळ घातली. "मेनू कोणी केला?"

"मीच."

"खरं? बाई, एक आकडा इकडेतिकडे नाही! कुठे शिकलात?"

"वाचून," मी म्हटलं. पटकन आलं. किती पटकन!

त्याने खोकी काढायला सुरुवात केली. मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय. कार्ड काही सापडेना. "एक मिनिट, मागवतो." फोन लावला. दुकानं एकमेकांकडून माल उचलून आणतात हे मला कुठे ठाऊक! मी उभी. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत.

"आहे ना एक? — राखीव? किती दिवस झाले? नऊ? अहो मालक, नऊ दिवसांत माणूस बायको विसरतो! येत नाही आता ते गिऱ्हाईक. माझं इथे उभं आहे. द्या की, तुमचं देणं राहिलं माझ्यावर."

इथे सगळेच एकमेकांना मालक म्हणतात. माझ्या डोक्यात काही आलं नाही. आलं तेव्हा ते दारात होते. काखेत खोकं. कानावर पेन्सिल.

"अरे, बाई!" ते म्हणाले. "जेवलात का?"

"हो," मी म्हटलं. चार वाजले होते.

वेईला काही कळायचं कारण नव्हतं. तो आनंदात. "मालक, हे बघा! बाईंनी स्वतः केलाय मेनू. वाचून! अगदी तुमच्यासारखा. तुमचा धंदा बसवणार या!"

आणि कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा खाली ओढला. वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, जसं काही पहिल्यांदाच बघताहेत. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. बोट कार्डाच्या ओळीपाशी थांबलं, जिथे रेघा नव्हत्या.

"चांगला आहे," ते म्हणाले. "एकच बघा. या कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लाय खाली बसतो. त्याची केबल वरपर्यंत पुरायची नाही. मेनूत लिहायला हवं होतं. राहिलं."

कोणाचं राहिलं ते बोलले नाहीत.

गेले, परत आले. हातात लांब केबल, रबर लावून गुंडाळलेली. माझ्या पिशवीत टाकली. मी पाकीट काढलं. "असू द्या, जुनी आहे." जाताना कार्डाच्या खोक्यावर दोन बोटं ठेवली. "बरं झालं. जिथे जायचं होतं तिथेच गेलं."

इतका सौम्य टोमणा मी आयुष्यात ऐकला नव्हता.

वेई म्हणाला, "ओळखता होय तुम्ही मालकांना?"

"नाही," मी म्हटलं.

११ मार्च

"नाही" म्हटलं!

१५ मार्च, शनिवार

वेई जोडून द्यायला तयार होता. मी नको म्हटलं. तिथे पुन्हा उभं राहवलं नसतं.

तर स्वतःच. सकाळी नऊपासून जमिनीवर पसारा. व्हिडिओ बघत, थांबवत. दोनदा बोट कापलं. दुपारी बटण दाबलं — काही नाही. पुन्हा सगळं काढलं. पॉवर सप्लायची केबल वर पोचतच नव्हती. ओढून बसवली होती, अर्धी बाहेर. पिशवीतली लांब केबल तशीच होती, रबरासकट.

ती लावली. पंखा फिरला. एकही दिवा नाही. दिवे खेळत नाहीत.

१६ मार्च, रविवार

युन-झूला सांगितलं नव्हतं. चारला खेळात शिरले आणि तिला बोलावणं पाठवलं. ती ओरडली! फोन कानाला लावून दोघी. तासभर नदीत. पाणी खरं दिसतं. पाण्याखालचे गोटेसुद्धा.

मग तिला कॅमेऱ्यात मशीन दाखवलं. वर हिरवं पुडकं. कोपऱ्यावरच्या दुकानातून मीच आणलेलं.

"कोणी जोडून दिलं?"

"मीच जोडलं."

"आई! तू?" मग हसायला लागली. "आणि पुडकं पण तूच आणलंस? स्वतःच स्वतःला आशीर्वाद! अगं, ते जोडून देणाऱ्याने ठेवायचं असतं."

पुडकं काढून कपाटात ठेवलं.

२२ मार्च, शनिवार

जांब घेतले. पाच. चारचा आकडा अशुभ, चार देत नाहीत म्हणून पाच. मागच्या लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर. खांबाआडून बघितलं. स्टुलावर कॉलेजची दोन पोरं, ते मेनू लिहीत होते. बायको मागून — "लिहा, लिहा! फुकटचा दवाखाना. लिहून घेतात आणि औषध दुसरीकडे घेतात."

"सगळे नाही घेत," ते म्हणाले.

खालीच उतरले. दोन जांब गाडीत खाल्ले. उरले तीन.

२३ मार्च, रविवार

मुलीला सांगून टाकलं. नाव एका खडकावर अडकली होती, दोघींचे हात रिकामे. तेव्हा.

ती म्हणाली, "सगळेच करतात, आई. मीही केलंय. दुकानात बघायचं, नेटवर घ्यायचं."

"हो."

"एवढं काय त्यात?"

"त्यांनी कागद वाचला," मी म्हटलं. "पूर्ण वाचला."

तिने वल्हं धरलं. मग — "उजवीकडून ढकल. मी डावीकडून ओढते."

सुटली नाव.

२५ मार्च

जिंग-वेनने नवा निबंध दिला. वाईट आहे. तिचा आहे. सहा गुण दिले. पहिलं शून्य खोडायला पेन उचललं होतं — खोडलं नाही. तिच्या नावावर मी स्वतःला माफ करत होते.

२८ मार्च, शुक्रवार

कार्डाची हमी नोंदवायची मुदत उद्यापर्यंत. क्रमांक खोक्याच्या तळाला असतो म्हणे. आज पहिल्यांदा खोकं उलटं केलं. तळाला पिवळी चिठ्ठी चिकटलेली. ते अक्षर.

"फांगबाई. लेक काओशुंगला. राखून ठेवणे. कोणीही मागितलं तरी देऊ नये. १ मार्च."

त्याखाली दुसरं अक्षर, तिरकं, ठळक, बायकोचंच असणार — "त्या काही येत नाहीत!"

त्याखाली पुन्हा पेन्सिल. "येतील."

उद्या शनिवार. पुढच्या जिन्याने.