सगळ्यांचं ऐकून घेण्याचा प्रकल्प

२ जानेवारी, सकाळी ७
तळ्याचा प्रकल्प मंजूर. प्रमुख मी. आजवर रसायनवाल्यांनी वेगळं लिहिलं, समाजशास्त्रवाल्यांनी वेगळं, आणि मासे मरतच राहिले. आता सगळे एका टेबलाशी. मासेमारसुद्धा, बरोबरीच्या नात्याने. याला ट्रान्सडिसिप्लिनरी म्हणतात. पंचवीस वर्षं शिकवतोय, आता करून दाखवायचं.
संकल्प : सगळ्यांचं ऐकून घेणे. मध्ये न बोलणे.
ही कालच बहिणीकडे गेली. मेहुणीचा गुडघा. आठ-दहा दिवस लागतील. शिलाई मशीनही नेलं. तिकडे पडदे शिवायचे असणार.

९ जानेवारी
पहिली बैठक. जोरदार! रसायनवाले सर आणि समाजशास्त्रवाल्या बाई ‘पाणी म्हणजे काय’ यावर पावणेदोन तास भांडले. विषयांच्या भिंती पडण्याआधी अशाच हादरतात. मासेमारांतर्फे आबा आले होते. सत्तरीचे. शेवटी त्यांना बोलायला सांगितलं. म्हणाले, काठ सिमेंटचा केला तेव्हापासून मासळीला अंडी घालायला जागाच उरली नाही. फार मोलाचं. मी सांगितलं, स्थानिक ज्ञान तिसऱ्या टप्प्यात येतं, तेव्हा नक्की घेऊ. आबांचं बिस्किट चहात बुडालं. ते कपात बघत बसले.

२१ जानेवारी
हिच्या मोबाइलवर फोन. मेहुणीने उचलला. धावत जिना चढून आली म्हणे, धापा टाकत होती. गुडघा झपाट्याने सुधारलेला दिसतो. ही बाथरूममध्ये होती. कालही होती. परवाही. त्या घरात पाण्याचा वापर जरा जास्तच आहे. सविस्तर बोलावं लागेल.

११ फेब्रुवारी
सहा आठवडे झाले. काहीतरी बिनसलंय असं उगीच वाटतं. नुसत्या वाटण्यावर विसंबू नये, माहिती गोळा करावी. हिच्यासाठी प्रश्नावली केली. बावीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. भाषा सोपी ठेवली. उदा. ‘घरातील निर्णयप्रक्रियेत आपला सहभाग कितपत होता?’ पोस्टाने पाठवली. सोबत तिकीट लावलेलं पाकीट.

१९ फेब्रुवारी
उत्तर आलं! एकवीस प्रश्न कोरे. शेवटच्या ‘इतर काही’मध्ये तिच्या अक्षरात : तुझ्या आईसाठी मी नोकरी सोडली तेव्हा तू माझे आभार मानलेस. ईमेलवर. दादा आणि वहिनींना सीसी करून.
हे अर्धवट आहे. म्हणजे ईमेल खराच, पण दादा-वहिनींना कळायला नको?
आई गेली त्या दुपारी मी परिषदेत होतो. ‘सहभाग’ या विषयावर माझं मुख्य भाषण. आयत्या वेळी टाकून येता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आलो. आईजवळ ही एकटीच होती. त्याविषयी आम्ही कधी बोललो नाही. तिला त्रास होऊ नये म्हणून.

१० मार्च
आबा ऑफिसात आले. यापुढे बैठकीला जमायचं नाही. जाळी विकून टाकली, एका गोदामावर वॉचमन म्हणून लागलेत. जाताना म्हणाले, माणसं चांगली आहात तुम्ही, विचारता फार. पाठ थोपटल्यासारखं वाटलं. बैठका आता वेळेत संपतात.

६ एप्रिल, रविवार, दुपारी १
ही आली होती. कागदपत्रं न्यायला. घर मी स्वतः पुसलं होतं. समोरासमोर न बसता शेजारी बसायचं, हेही ठरवलं होतं. ती उभीच राहिली. तिकडे शाळेत नोकरी धरली, दोन खोल्या घेतल्यात म्हणाली. मी म्हटलं, तात्पुरतं ना?
“भांडायला नाही आले रे. राग कधीच संपला.”
चांगलं लक्षण, असं वाटलं. एक क्षण.
मग विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आई शेवटी काय म्हणाली?
ती बसली. म्हणाली, “तीन वाजले असतील. मी त्यांचे केस विंचरत होते. माझा हात धरला आणि म्हणाल्या, अगं, तो...”
आणि थांबली. माझ्या हाताकडे बघत होती. मी वही उघडून पेनाचं टोपण काढलं होतं. कधी काढलं, कळलंच नाही.
“राहू दे.”
पेन खाली ठेवलं. ठेवलं, ठेवलं, असं दोनदा म्हणालोही. ती पिशवी घेऊन निघाली. दार अगदी हळू ओढून घेतलं.

२ मे
पहिला अहवाल गाजला. ‘सर्व घटकांना सामावून घेणारा आदर्श नमुना’ असा परीक्षकांचा शेरा. पुढचा टप्पा मंजूर. रसायनवाल्या सरांनी केक आणला.
हिला कळवावं म्हणून फोन केला. उचलत नाही. मेहुणीला लावला. ती म्हणाली, अभिनंदन. आणि भाऊजी, आता नका करत जाऊ फोन.
बरं म्हटलं. फक्त एवढंच विचारायचं होतं, आई ‘तो’ म्हणाली, त्याच्यापुढे काय?
मेहुणीला माहीत नाही. हिने कुणालाच सांगितलेलं नाही.
‘तो जेवला का’ असणार. किंवा ‘तो निघाला का’. आई नेहमी हेच विचारायची. या दोहोंपैकीच एक. दुसरं काही असेल असं मला वाटत नाही.