निक्सनची माफी मोहीम

सोमवार, २४ मार्च

आज पेनिनाच्या बाबांना भेटलो. लग्नाचं विचारलं. बाबा ब्यारुहांगा म्हणाले, आपल्या चर्चच्या संगतीतली वडीलमंडळी ईस्टरच्या रविवारी ठरवतील, तोवर तू जरा मन साफ कर पोरा. मन साफच आहे, पण प्रूफ पाहिजे. आमच्या संगतीत प्रूफ एकच: ज्याच्याबद्दल मनात वाईट आलं त्याच्या दारात जायचं, तोंडावर सांगायचं, माफी मागायची. त्याने माफ करून मिठी मारायची. लोक वर्षाला एखाददुसरी माफी मागतात. मी सगळ्यांची मागणार. अख्ख्या कबाले शहरात असा रेकॉर्ड नसेल.

(हे गर्वाने लिहिलेलं नाही. फक्त माहिती.)

बुधवार, २६ मार्च

बायबल स्टडी. एनॉकभाऊ शिकवत होते. पाप म्हणजे एकदा घसरणं, दुर्गुण म्हणजे रोज घसरून घसरून पडलेली पायवाट, आणि कृपा म्हणजे लायकी नसताना देवाने दिलेलं. पहिले दोन मुद्दे लगेच कळले, ओळखीतली उदाहरणं डोळ्यासमोर आली. तिसरा पटला नाही. फुकटच मिळणार असेल तर मग परीक्षा कशाला?

उद्यापासून उपास.

गुरुवार, २७ मार्च, सकाळी १०

उपास सुरू. छान वाटतंय.

सकाळी ११

नाक्यावर चपातीत गुंडाळलेलं अंडं खाल्लं. उपासाचा गर्व होऊ लागला होता, तो वेळीच मोडला.

शनिवार, २९ मार्च

मोहिमेचा शुभारंभ. जॉलीमावशी, क्वायरच्या लीडर. सांगितलं, मावशी, माफ करा, तुम्ही वरचा सूर लावलात की मला वाटतं कुंपणात शेळी अडकलीये. मावशी बटाटे सोलत होत्या. सोलतच राहिल्या. मग विचारलं, कधीपासून वाटतं? म्हटलं, लहानपणापासून. त्यांनी माफ केलं. मिठी मारली. जरा जोरातच मारली, बरगडी दुखतेय. पण माझं मन पिसासारखं हलकं!

मंगळवार, १ एप्रिल

एनॉकभाऊंकडे गेलो. त्यांचा मला मत्सर वाटायचा, तो कबूल केला. म्हणजे, इतक्या सुमार माणसाच्या हातात माईक कसा, असा मत्सर. भाऊ म्हणाले, अरे बाबा, तू माफी मागतोयस की कानाखाली देतोयस? मग हसले, माफ केलं. वर विचारलं, सुमार म्हणजे नक्की काय रे? चांगला माणूस, शिकायची तयारी आहे. मुद्देसूद सांगितलं. निघताना त्यांनी ज्वारीची पेज विचारलीसुद्धा नाही. विसरले असतील.

शनिवार, ५ एप्रिल

प्रोग्रेस जबरदस्त. शेजारी, दोन शिक्षक, पाळकांची बायको, सगळे झाले. एक गोष्ट लक्षात आली. मी बाजारात शिरलो की संगतीतले लोक दिसेनासे होतात. जॉलीमावशी तर आज कोबीच्या ढिगामागे बसल्या. माझ्या सहवासात त्यांना स्वतःच्या पापांची जाणीव होत असणार. बिचाऱ्या.

बुधवार, ९ एप्रिल

पेनिना शाळेत शिकवून येताना भेटली. विचारलं, अजून किती जणांकडे जाणार आहेस? म्हटलं, फक्त तुझे बाबा राहिलेत. ती थांबलीच. म्हणाली, बाबांकडे नको जाऊस निक्सन. त्यांच्याबद्दल तुझ्या डोक्यात काय आहे ते मला माहितीये, ते डोक्यातच राहू दे. मी समजावलं की लपवणं हेसुद्धा पाप आहे. तर म्हणाली, मग एवढं एक पाप कर ना रे, माझ्यासाठी.

भोळी आहे. लग्नानंतर तिला नीट शिकवीन.

शुक्रवार, ११ एप्रिल

बाबांकडे गेलो. स्पष्ट सांगितलं: बाबा, तुमची जेवणाआधीची प्रार्थना इतकी लांबते की एकदा मी मनात म्हटलं, देवा, या म्हाताऱ्याला एकदाचा बोलावून घे, म्हणजे आम्हाला मटोकेची उकडलेली केळी गरम मिळतील. (एकदा नाही. दर रविवारी. पण आकड्यात काय ठेवलंय.)

बाबा खूप वेळ गायीकडे बघत होते. मग म्हणाले, माफ केलं. मिठी मारली. पेनिना आत भांडी घासत होती. आवाज फार येत होता.

मिशन कम्प्लीट. आता नकार द्यायला कोणाकडे कारणच नाही.

रविवार, २० एप्रिल, ईस्टर

उपासनेनंतर संगत बसली. लग्नाचा विषय निघाला आणि बाबा उठले. म्हणाले, मला निक्सनची माफी मागायचीये. मी तोंडाने माफ केलं, पण तेव्हापासून रोज वाटतं की याला गोठ्यात बांधून गायीला घरात घ्यावं. मी उदारपणे माफ केलं. मिठी.

तर मागे जॉलीमावशी उभ्या. म्हणाल्या, आठ दिवस मनात याचं तोंड गरम पेजेत बुडवत होते. मग एनॉकभाऊ. मग पाळकांची बायको. रांग दारापर्यंत गेली. काहींबद्दल तर माझ्या मनात कधी काही आलंच नव्हतं, त्यांच्याही मनात होतंच. प्रत्येकाने सविस्तर सांगितलं. प्रत्येकाने मिठी मारली. हसत हसत, डोळे पुसत. सगळे एकदम हलके दिसत होते. मी सोडून.

शेवटी बाबा म्हणाले, चला, सगळं बाहेर पडलं. या पोराला मी मुलगी देतो. एनॉकभाऊ ओरडले, काय बघून? बाबा म्हणाले, काही बघून नाही. तशीच देतो. आपल्याला कुठे काय बघून मिळालं?

लोक गायला लागले. मी हात वर करून गाणं थांबवलं. मुद्दा महत्त्वाचा होता. इतक्या जणांकडे पायी जाऊन माफी मागितलेल्या माणसाला तशीच? मी म्हटलं, मला दान नको, हक्काने द्या. बाबांनी तेवढा एक शब्द मागे घ्यावा. बाबा म्हणाले, शब्द तोच राहील पोरा, असंच घे. मी विचार करायला आठवडा मागितला.

मग पेनिना उभी राहिली. म्हणाली, मलाही निक्सनची माफी मागायचीये. तीन वर्षं माझ्या मनात होतं, की हा सुधारेल.

मी लगेच माफ केलं. हात पसरून उभा राहिलो. गाणं पुन्हा सुरू झालं. सगळी कडवी संपली.

बाकी सगळे आले होते मिठी मारायला. ती आली नाही.