जाऊन येतो

आई, तुला लिहायचं लिहायचं म्हणत कित्येक दिवस टाळलं. कागद घेतला की काहीतरी निघतंच. कधी कपडे वाळत घालायचे राहिलेले असतात, कधी नदीवरची बदकंच बघत बसतो. "याला बूड म्हणून नाहीच," म्हणाली असतीस. नाहीच. कॉलेज अर्धं सुटलं, लंडनला ईलिंगमध्ये करमलं नाही, आता केंब्रिजला एका सँडविचच्या दुकानात काकड्या चिरतो.

इथल्या चॅरिटी शॉपमध्ये एक जपानी कादंबरी मिळाली, इंग्रजीत. बोट फिरवत, अडखळत वाचतोय. त्यातल्या बाईचा मेलेला नवरा तिच्या स्वप्नात येतो. भूतबित काही नाही गं. येतो, चपला नीट लावून ठेवतो, भात खातो, छत कुठे गळतंय ते बघतो. ती रडत नाही, तोही मेल्याचा विषय काढत नाही. वाचता वाचता माझा डोळा लागतो, आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात तू मेथी निवडत बसलेली असतेस, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. शेवटी मात्र तो दारात उभा राहून "गुडबाय" म्हणतो. मी पुस्तक मिटलंच. गुडबाय? एवढा भात खाऊन?

दुकानात माझ्याबरोबर एक जपानी मुलगी आहे. तिला ते पान दाखवलं.

"गुडबाय कुठलं?" ती म्हणाली. "जपानीत वाचलंय मी. तो म्हणतो, जाऊन येतो. सकाळी कामाला निघताना म्हणतात ना, तसं."

"अगं, पण मेलाय तो!"

"मग? मेला म्हणून रीत सोडेल?" आणि ब्रेडला लोणी फासत राहिली.

मी तिथेच काकडी हातात घेऊन उभा. शाळेला निघताना मुद्दाम "जातो गं!" ओरडायचो, आणि तू लाटण्यासकट जिन्यापर्यंत यायचीस. "जातो म्हणू नये रे मेल्या, येतो म्हण!" तुला शेवटचं दवाखान्यात नेलं तेव्हा मी शाळेत होतो. उंबरा ओलांडताना तू काय म्हणालीस, जाते की येते? तेव्हा घरात फक्त बाबा होते. त्यांना आजवर विचारायची छाती झाली नाही.

मेडनहेडला राहणाऱ्या दादाला मी फोनवर सांगून टाकलंय, की आई स्वप्नात आली आणि "येते हं" म्हणाली. तसं काही झालेलं नाही. तू मेथी निवडतेस, वर बघतसुद्धा नाहीस.

थांब, घरमालकीण खालून हाक मारतेय. "युअर डॅड इज हिअर, लव्ह!" खिडकीतून बघतोय, खरंच बाबा. दादाकडे आलेत हे ठाऊक होतं, पण एकटे, ट्रेन बदलत, न कळवता इथवर? माकडटोपी काढून हातात धरलीय, मान वर करून सगळ्या खिडक्या बघतायत. बसू दे त्यांना, चहा पिऊ दे. मग विचारतोच.